मोटार परवडते म्हणजे काय?

हौसेला मोल नसते, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती खरी असली तरी हौसेच्या वस्तूला मोल असतेच, आणि ते विकत घेण्याच्या दिवशी पुरते चुकते होते असेही नाही. उभ्या जागेवरून चार सेकंदांत ताशी शंभर किलोमीटरचा वेग गाठणारी, शर्यतीच्या जातीची मोटार ही अशा वस्तूंपैकी सर्वांत अवघड होय. पूर्वी ही हौस संस्थानिकांपुरती होती. आज ती नामांकित शल्यविशारदाच्या, मध्यम कारखानदाराच्या, परदेशी कंपनीत मोठ्या वेतनावर असलेल्या संगणकतज्ज्ञाच्या आवाक्यात आल्यासारखी वाटते. वाटते आणि असते यांत किती अंतर आहे, हे मोजण्याची रीत मात्र फारशी कोणी शिकवीत नाही. विक्रेता हप्ता किती बसेल ते सांगतो, मित्र ‘घेऊन टाक’ म्हणतात, आणि घरातील वडील मंडळी अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. अंथरुणाची लांबी नेमकी कशी मोजावयाची, हे त्यांपैकी कोणीच सांगत नाही.

प्रथम किंमत म्हणजे काय ते पाहू. परदेशात पूर्ण तयार होऊन आलेली, चाळीस हजार डॉलरांहून अधिक मोलाची मोटार भारताच्या बंदरात उतरली की तिच्यावरील जकात आणि अधिभार मिळून ११० टक्के होतात. २०२५ च्या अर्थसंकल्पात मूळ जकात ७० टक्क्यांवर आणली गेली, पण तिच्या जोडीला ४० टक्क्यांचा दुसरा अधिभार बसला, त्यामुळे बेरीज होती तिथेच राहिली. त्यावर वस्तू व सेवा कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या मोटारींवर तो सरसकट ४० टक्के झाला आणि पूर्वीचा वेगळा उपकर गेला. म्हणजे बंदरातील शंभर रुपयांचे जकातीनंतर दोनशे दहा होतात, आणि करानंतर दोनशे चौऱ्याण्णव. विक्रेत्याचा नफा यानंतर. सुटे भाग आणून देशातच जुळणी केलेल्या मोटारीवर जकातीचा भार पुष्कळ कमी पडतो, म्हणून काही कंपन्यांनी ती वाट धरली. २०२० च्या नोव्हेंबरात पुण्याजवळील चाकणच्या कारखान्यातून मर्सिडीझच्या एएमजी या वेगवान शाखेची पहिली देशी जुळणीची मोटार बाहेर पडली, ती याच हिशेबाने.

समजा, अशी देशी जुळणीची पेट्रोल मोटार दुकानात एक कोटी रुपयांना आहे. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावर तिचे पासिंग करावयाचे तर १३ टक्के मोटार वाहन कर, म्हणजे तेरा लाख. विम्याचे पहिल्या वर्षाचे तीनेक लाख धरावेत. शिवाय दहा लाखांवरील मोटारीच्या खरेदीवर आयकराचा एक टक्का आगाऊ कापला जातो, पण तो विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, तेव्हा तो खर्च नव्हे. कोटीची मोटार अशी दारात येईपर्यंत एक कोटी सोळा लाखांची होते.

कर्नाटकात वीस लाखांवरील मोटारीला कराचा दर १८ टक्के आणि त्यावर उपकर. त्यामुळे बेळगाव-निपाणीकडच्या माणसाला कागल ओलांडून कोल्हापुरात पासिंग करून घेण्याचा मोह होतो, आणि असे सल्ले देणारेही भेटतात. परंतु मोटार वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमाप्रमाणे एका राज्यात नोंदलेली मोटार दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवली, तर तेथील नवा क्रमांक घेणे व तेथील कर भरणे भाग आहे. पहिल्या राज्यातील कराचा परतावा मागता येतो, पण ती फाईल पुढे सरकविणे हा स्वतंत्र उद्योगच समजावा. पाच-सहा लाख वाचविण्याच्या आशेवर ज्याचे गणित टेकले आहे, त्याने ते पुन्हा मांडावे हे बरे.

आता हप्त्याकडे वळू. पन्नास लाखांचे कर्ज, दर ९ टक्के, मुदत पाच वर्षे, तर हप्ता सुमारे एक लाख चार हजार येतो आणि एकूण व्याज सव्वाबारा लाखांच्या घरात जाते. मुदत सात वर्षांची केली की हप्ता ऐंशी हजारांवर उतरतो आणि व्याज साडेसतरा लाखांवर चढते. विक्रेता दुसरा आकडा आधी सांगतो. हप्ता म्हणजे मोटारीचा खर्च नव्हे, तो केवळ कर्जाचा खर्च आहे. रोख पैसे मोजून मोटार घेणाऱ्याला हप्ता नसतो, म्हणून त्याची मोटार फुकट चालते असे कोणी म्हणणार नाही.

खरा हिशेब वर्षाचा मांडावयास हवा. वरचीच मोटार घेऊ. विमा बाजूला ठेवला तर तिच्यात एक कोटी तेरा लाख गुंतले. पाच वर्षांनी ती पंचावन्न लाखांना गेली असे धरू. काही मोटारी याहून बऱ्या किमतीला जातात, बऱ्याचशा वाईट. म्हणजे अठ्ठावन्न लाख झिजले. वर्षाला सुमारे साडेअकरा लाख. या काळात सरासरी चौऱ्याऐंशी लाख मोटारीत अडकून राहिले. तेच बँकेत ७ टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाला जवळजवळ सहा लाख मिळाले असते. विमा सरासरी अडीच लाख, देखभाल व टायर मिळून अडीच लाख. पेट्रोलचे असे की वर्षाला आठ हजार किलोमीटर, लिटरला सात किलोमीटर आणि लिटरचा भाव एकशे पाच रुपये धरला तर एक लाख वीस हजार. सारे मिळून चोवीस लाखांच्या आसपास, म्हणजे महिना दोन लाख, आणि किलोमीटरला तीनशे रुपये.

या बेरजेत पेट्रोलचा वाटा विसावा हिस्सा आहे. आपल्याकडे नवी मोटार पाहिली की पहिला प्रश्न ‘ॲव्हरेज किती देते?’ हाच असतो. लहान मोटारीसाठी तो शहाणपणाचा प्रश्न आहे, येथे तो जवळजवळ निरर्थक ठरतो. तीच मोटार सातऐवजी चौदा किलोमीटर देऊ लागली, तरी वर्षाकाठी साठ हजार वाचतील, म्हणजे विम्याचा जेमतेम चौथा हिस्सा. सर्वांत मोठा खर्च जो, त्याची पावती कधीच हातात पडत नाही. मोटार गॅरेजमध्ये झाकून उभी असली, तरी तो चालूच असतो.

हा झिजेचा आकडा केवळ मोटारीच्या गुणावर ठरत नाही, सरकारच्या धोरणावरही ठरतो. २०२५ च्या सप्टेंबरातील करकपातीने मोठ्या नव्या मोटारींच्या किमती एका रात्रीत लाखांनी उतरल्या, आणि महिनाभर आधी घेतलेल्यांच्या मोटारी त्याच रात्री तितक्याच स्वस्त झाल्या. २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारात ठराविक संख्येच्या मोटारींवरील जकात टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत उतरविण्याची तरतूद आहे. युरोपीय संघाबरोबरच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याचे जानेवारी २०२६ मध्ये जाहीर झाले, त्यांतही मोटारींचा समावेश आहे. नवी मोटार स्वस्त होणे ही घेणाऱ्याला सुवार्ता, पण ज्याच्या दारात जुन्या दराची मोटार उभी आहे त्याच्या खिशातून ती स्वस्ताई वजा होते. मोटारीकडे गुंतवणूक म्हणून पाहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. काही दुर्मिळ मोटारींचे भाव वाढतात हे खरे, पण कोणाचे वाढणार हे पंधरा वर्षांनी कळते.

ही आकडेमोड पाहून बहुतेक विचारी माणसे नवीचा नाद सोडतात आणि वापरलेल्या मोटारीकडे वळतात. खरा घोटाळा येथे होतो, म्हणून येथे थोडे थांबावयास हवे.

आठ वर्षांपूर्वी कोटीला घेतलेली मोटार आज तीस लाखांना मिळते. तीस लाख म्हणजे शेजारच्या मोठ्या घरगुती मोटारीचीच किंमत. मनात विचार येतो की पहिल्या मालकाने सत्तर लाखांची झीज सोसली, आता आपण स्वस्तात मजा करू. यातील निम्मे खरे आहे. मोटारीची किंमत उतरली, पण तिच्या सुट्या भागांची उतरली नाही. ती विकताना तीस लाखांची असते आणि दुरुस्त करताना कोटीची. तिचा दोन क्लचांचा गिअरबॉक्स, तिचे टर्बो, तिची वाऱ्यावर चढ-उतार करणारी सस्पेन्शन आणि असलेच तर सिरॅमिकचे ब्रेक, हे सारे आजच्या आयातीच्या दराने, आजच्या डॉलरच्या भावाने येते. शिवाय आठव्या वर्षी हे भाग एकामागून एक थकू लागतात. पहिल्या मालकाला घसारा भोवला, दुसऱ्याला दुरुस्ती भोवते. दोघांच्या खर्चाची जात वेगळी आहे. घसारा ठराविक चालीने येतो, दुरुस्ती एका सकाळी येते.

याचे जगप्रसिद्ध उदाहरण पोर्शच्या ९११ मोटारीचे आहे. ही मोटार १९६३ साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात प्रथम दिसली आणि तेव्हापासून जाणकारांच्या मनात घर करून बसली. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तिचे हवेने थंड होणारे इंजिन जाऊन पाण्याने थंड होणारे आले. या नव्या इंजिनात मधल्या दांड्याच्या टोकाला एक बेअरिंग होते. आकाराने ते मुठीत मावेल एवढेच. तो दांडा साखळ्यांच्या द्वारे वरचे कॅमशाफ्ट फिरवितो. ते बेअरिंग फुटले की झडपांची वेळ चुकते, झडपा दट्ट्यांवर आदळतात, आणि क्षणात सारे इंजिन निकामी होते. सर्व मोटारींत असे घडले नाही, थोड्यांतच घडले; पण आधी सूचना मिळण्याची खात्री नव्हती. अमेरिकेत यावर खटला झाला आणि २००१ ते २००५ या काळात तयार झालेल्या काही मोटारींसंबंधी २०१३ साली तडजोड झाली. दरम्यान त्या पिढीची ९११ ही बाजारातील सर्वांत स्वस्त ९११ होऊन बसली होती. मोटारीची किंमत आणि नव्या इंजिनाचा खर्च यांत फारसे अंतर उरले नव्हते. अनेकांनी ती केवळ स्वस्त म्हणून घेतली. ज्यांनी इंजिनाचे पैसे आधीच बाजूला ठेवले होते, त्यांनी ती वर्षानुवर्षे आनंदाने चालविली. ज्यांनी सारी पुंजी खरेदीतच घातली, त्यांच्यापैकी काहींच्या अंगणात ती उभी राहिली.

आपल्याकडे विम्याच्या नियमांनी हे संकट अधिक टोकदार होते. नव्या मोटारीला घसारा न कापता पूर्ण भरपाई देणारे जोडकलम मिळते, पण ते साधारणतः पहिल्या काही वर्षांपुरतेच. ते नसेल तर रबर, प्लास्टिक, टायर आणि बॅटरी यांच्या भरपाईतून निम्मी रक्कम कापली जाते, आणि आधुनिक मोटारीचा पुढचा भाग जवळजवळ सारा प्लास्टिकचाच असतो. मोटारीची विम्यातील किंमतही दरवर्षी उतरते. दुसरे वर्ष संपता २० टक्के, पाचवे संपता ५० टक्के, असा तो उतार ठरलेला आहे. झिजून बंद पडलेल्या गिअरबॉक्सला तर विमा मुळीच लागू नाही, कारण तो अपघात नव्हे.

दुरुस्ती कोठे होणार, हाही प्रश्न आहे. अशा मोटारींची अधिकृत वर्कशॉप मोजक्या मोठ्या शहरांत असतात. ग्वाल्हेरच्या किंवा बेळगावच्या मालकाची मोटार बिघडली तर ती ट्रकवर चढवून शेकडो किलोमीटर न्यावी लागते, आणि भाग परदेशातून येईपर्यंत आठवडे जातात. कंपनीच देशातून निघून गेली तर काय, हा प्रश्नही काल्पनिक नव्हे. फोर्डची मस्टँग २०१६ पासून भारतात विकली गेली आणि २०२१ च्या सप्टेंबरात फोर्डने येथील मोटार-उत्पादन आवरते घेण्याचे जाहीर केले. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्या ताफ्यात लंडनच्या कारागिरांनी पत्रा चढविलेली एक अमेरिकन ड्यूझेनबर्ग होती. ती कंपनी १९३७ साली बंद पडली. महाराजांना त्याची झळ लागण्याचे कारण नव्हते, कारण बुगाटी आणि आल्फा रोमिओही त्यांच्याकडे होत्या. एकाच मोटारीवर हौस भागविणाऱ्याची गोष्ट निराळी.

म्हणून जुनी मोटार घेताना तिच्या किमतीइतकेच दुरुस्तीच्या राखीव रकमेला महत्त्व द्यावे. तीस लाखांची मोटार घेणाऱ्याने आणखी आठ-दहा लाख हाताशी ठेवावेत, आणि ते गेले तरी घर हलणार नाही अशी स्थिती असावी. खरेदीपूर्वी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये तपासणी करवून घेण्याचे काही हजार रुपये वाचविणे हा मूर्खपणा होय. अनेक आधुनिक इंजिनांच्या नियंत्रक यंत्रात मर्यादेपलीकडील फेऱ्यांची नोंद राहते. मागील मालकाने मोटार किती बेदरकारपणे पिळली, ते विकणाऱ्याच्या शब्दांपेक्षा या नोंदीतून अधिक खरेपणाने कळते.

व्यवसाय करणाऱ्यांना एक सल्ला हमखास मिळतो, की मोटार कंपनीच्या नावावर घ्या, करात सुटते. सुटते, पण किती? आयकरात मोटारीवर वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो, आणि तोही धंद्यासाठी जितका वापर असेल तितक्यापुरता. कराच्या वरच्या पायरीवरील माणसाला रुपयाच्या घसाऱ्यामागे तीसेक पैसे वाचतात. उरलेले सत्तर पैसे त्याच्याच खिशातून जातात. अशा मोटारीवर भरलेला वस्तू व सेवा कर सामान्य व्यावसायिकाला वळता करून मिळत नाही. महाराष्ट्रात कंपनीच्या नावावरील मोटारीला वाहन कर २० टक्के पडतो, म्हणजे कोटीमागे सात लाख अधिक. पहिल्या वर्षीच्या घसाऱ्याने वाचणारा कर, फार तर साडेपाच लाख, त्यातच जिरून जातो. डॉक्टर किंवा वकील स्वतःच्या नावावर मोटार ठेवूनही व्यवसायातील वापरापुरता घसारा मागू शकतो. कर वाचतो म्हणून न परवडणारी मोटार परवडू लागत नाही. परवडणारी थोडी हलकी पडते, इतकेच.

ही मोटार चालवावयाची कोठे, हाही हिशेबाचाच भाग आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात मोटारीला ताशी १०० ची मर्यादा आहे, समृद्धी महामार्गावर १२० ची. इंदूरजवळ पीथमपूर येथे २०२१ साली सुरू झालेली सव्वाअकरा किलोमीटरची वर्तुळाकार धाव आहे, तेथे ताशी अडीचशेहून अधिक वेगाने मोटारी धावतात, पण ती वाहनांच्या चाचणीसाठी आहे. चेन्नई व कोईम्बतूर येथील शर्यतीच्या धावपट्ट्यांवर हौशी चालकांना संधी मिळते. तेथे जाणाऱ्याने विम्याचा कागद आधी वाचावा, कारण शर्यत आणि वेगाची चाचणी या दोन्ही गोष्टी नेहमीच्या विम्यातून वगळलेल्या असतात. भिंतीला मोटार घासली तर सारा खर्च स्वतःचा. वर्षातून दोन दिवस धावपट्टीवर न्यावयाची असेल तर टायर आणि ब्रेक यांचा आकडा वरच्या हिशेबात दुप्पट करावा.

मग परवडते असे केव्हा म्हणावे? उत्पन्नाच्या इतक्या टक्क्यांत मोटार घ्यावी, असे ठोकताळे पुष्कळ आहेत. त्यांचा दोष असा की ते चालू उत्पन्न कायमचे धरतात. वास्तविक वेगवान मोटारींचा बाजार आणि त्या घेणाऱ्यांचा धंदा एकाच वाऱ्यावर हलतो. मंदी आली की कारखानदाराच्या मागण्या घटतात, बँक उचलीची मर्यादा आवळते, आणि त्याच महिन्यात त्याच्यासारखे दहाजण आपापल्या मोटारी विकावयास काढतात. पैशांची गरज सर्वाधिक असते तेव्हाच मोटारीची किंमत सर्वांत कमी येते. नव्वद टक्के कर्जावर सात वर्षांच्या मुदतीने मोटार घेतली असेल, तर तिसऱ्या वर्षअखेरीस अठ्ठावन्न लाखांचे देणे शिल्लक असते. अशा वेळी मोटार विकूनही कर्ज फिटत नाही, आणि मुलाच्या शिक्षणासाठी किंवा वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी ठेवलेल्या ठेवीला हात लावावा लागतो. मोटार परवडत नव्हती याचा अर्थ हाच. हप्ता थकला नसतानाही ती परवडत नसू शकते.

तेव्हा कसोटी खरेदीच्या दिवसाची लावू नये, विक्रीच्या दिवसाची लावावी. दुसऱ्याच वर्षी, पडत्या बाजारात ही मोटार निम्म्या किमतीला फुंकावी लागली, तर घरातील कोणत्या गोष्टीला धक्का लागेल? उत्तर ‘कोणत्याच नाही’ असे असेल आणि ते घरातील दुसऱ्या माणसालाही पटत असेल, तर शंका उरत नाही. हा प्रश्न पत्नीपुढे किंवा पतीपुढे आकड्यांनिशी मांडण्याचे धैर्य होत नसेल, तर उत्तर मिळालेच आहे.

आणखी एक साधी रीत आहे. मोटार घेण्याआधी सहा महिने ती घेतली आहे असे समजून चालावे. वरच्या हिशेबाप्रमाणे दरमहा दोन लाख वेगळ्या खात्यात टाकावे, मोटार जुनी घ्यावयाची असेल तर तिचा जो आकडा येईल तितके टाकावे. घरखर्च, विमे, मुलांच्या फिया आणि चालू बचत पूर्वीसारखीच ठेवावी. सहा महिन्यांत एकदाही त्या खात्यातून पैसे काढावे लागले नाहीत, तर माणूस तो भार वाहू शकतो हे सिद्ध झाले, आणि बारा लाखांची राखीव रक्कमही तयार झाली. तिसऱ्याच महिन्यात खाते उघडावे लागले, तर ही माहिती फुकटात मिळाली.

त्या राखीव रकमेतून पहिला खर्च विम्यातील इंजिनसंरक्षणाच्या जोडकलमाचा करावा. जमिनीलगत बसलेली ही मोटार पावसाळ्यात रस्त्यावरील फूटभर पाण्यातूनही हवेच्या नळीवाटे पाणी ओढू शकते. अशा वेळी चालकाने पुन्हा किल्ली फिरविली तर वाकलेल्या दांड्यांचा खर्च साध्या विम्यातून सहसा मिळत नाही. दुसरा खर्च बंद गॅरेजचा, आणि त्याच्या उताराची पातळी मोटारीच्या पोटाला घासणार नाही अशी करून घेण्याचा. कोकणात, गोव्यात आणि बेळगावकडे जून ते सप्टेंबर मोटार बहुधा उभीच राहते. त्या काळात बॅटरीला मंद विद्युतप्रवाह जोडून ठेवावा लागतो, टायर एकाच जागी दबू नयेत म्हणून दर आठवड्याला मोटार थोडी पुढे-मागे करावी लागते, आणि बॉनेटखालच्या उबेला येणाऱ्या उंदरांचा बंदोबस्त करावा लागतो. तारांचा एक जुडगा त्यांनी कुरतडला तर त्याचे बिलही कोटीच्या मोटारीचेच येते.